एम-अकराची ओळख

परीक्षणाचा अहवाल बुधवारी सकाळी साडेदहाला मेलवर आला. पावणेअकरापर्यंत सुलक्षणा सबनीसने तो सहा वेळा वाचला होता, आणि सहाव्यांदाही त्यात तेच लिहिलेलं होतं.

‘पाठवलेला नमुना मूळ वाणाशी जुळत नाही.’

खाली अजून एक ओळ होती. प्रजाती तीच, पण वाण वेगळा. सर्वांत जवळचं नातं ताड-माडाच्या रसात सापडणाऱ्या रानटी जिवाणूंशी.

तिने मेल बंद केला, पुन्हा उघडला. मग उठून पाण्याची बाटली भरून आणली आणि न पिताच टेबलावर ठेवली.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, पंख्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याच्या मागच्या गाळ्यात हे सगळं चालायचं. खाली दोन हजार लिटरची स्टीलची टाकी आणि वर, लोखंडी जिना चढून गेलं की, प्रयोगशाळा. सोलापूरकडून गोड ज्वारीच्या ताटांचा रस पिंपांतून यायचा. तो टाकीत भरायचा, त्यात जिवाणू सोडायचे. ते साखर खात, गॅस सोडत आणि मागे अल्कोहोल ठेवत. ते उकळून, शुद्ध करून घेतलं की पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल तयार. हे काम सगळीकडे यीस्ट करतंच. पण या गाळ्यातला जिवाणू यीस्टपेक्षा भराभर काम उरकायचा, आणि मुख्य म्हणजे चाळीस अंशांच्या उकाड्यातही दमायचा नाही. टाकी थंड ठेवण्याचा सगळा खटाटोपच वाचायचा.

त्याचं नाव एम-अकरा. ‘एम’ म्हणजे मधुवंती आगाशे, आणि अकरा म्हणजे त्यांनी त्याच्यामागे घातलेली वर्षं. पार्ल्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवता शिकवता मधुवंतीबाईंनी एक साधा, शास्त्रीय संग्रहातून विकत आणलेला वाण घेतला आणि अर्धा-अर्धा अंश तापमान वाढवत, जगेल तो ठेवत, मरेल तो सोडत, त्याला उन्हाळ्याची सवय लावत नेली. सुलक्षणा त्यांची विद्यार्थिनी, मग सहायक, आणि आता या कंपनीची प्रयोगशाळाप्रमुख. मुलुंडच्या तिच्या घरात देवाच्या फोटोशेजारी दोघींनी मिळून लिहिलेल्या शोधनिबंधाचं पहिलं पान चौकटीत लावलेलं होतं. आईने लावलं होतं. काढ म्हटलं तरी काढत नव्हती.

आता एक मोठी इंधन कंपनी एम-अकरा वापरण्याचे हक्क घ्यायला तयार झाली होती. करारापूर्वीची एक औपचारिकता म्हणून त्यांनी जनुकीय ओळखपत्र मागितलं. एवढंच. आधार कार्डाची झेरॉक्स मागावी तसं.

सुलक्षणाने हैदराबादच्या तपासणी प्रयोगशाळेला फोन लावला. नमुने अदलाबदल झाले असतील, दुसरं काय!

“मॅडम, आम्हालाही तसंच वाटलं,” पलीकडची मुलगी म्हणाली. “म्हणून दोनदा केलं. दोन्ही वेळा तेच आलं.”

सुलक्षणाने फोन ठेवला. बारा वर्षं हापूसचं कलम म्हणून झाड वाढवावं, पेट्या भरून द्याव्यात, आणि कुणीतरी येऊन सांगावं की बाई, हा रायवळ आहे. तसं काहीतरी. पण तेही नाही. कारण हा रायवळ हापूसपेक्षा गोड निघाला होता. गेल्या पाच वर्षांतले त्यांचे सगळे विक्रम याच्याच नावावर होते.

मग हा आला कुठून? आणि आपला गेला कुठे?

तिने खोल फ्रीजर उघडला. सगळ्यात खालच्या खणात, बर्फाने चिकटलेला एक निळा डबा होता, वर मधुवंतीबाईंच्या अक्षरात ‘२०१९’. टाळेबंदीच्या आधी गोठवून ठेवलेला मूळ एम-अकरा. तिच्या माहितीप्रमाणे पाच वर्षांत तो डबा कुणी उघडला नव्हता, कारण गरजच पडली नव्हती. तिने सहा कुप्या काढल्या, साखरेच्या पाण्यात सोडल्या, उबवणपेटीत ठेवल्या.

गुरुवारी एकही बुडबुडा नाही. शुक्रवारी सकाळी पाणी काचेसारखं स्वच्छ. तिने एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. फुटक्या, पोकळ कातड्या तरंगत होत्या. सगळे मेले होते, आणि आज-काल मेलेले नव्हते.

तिने कपाटातून जुन्या नोंदवह्या उपसल्या. २०२० चा जुलै. टाळेबंदी सैल झाल्यावर ती पहिल्यांदा गाळ्यावर आली तो दिवस. तिचंच अक्षर : ‘फ्लास्कमध्ये यीस्टची भेसळ आढळली. जिवाणूंची एक वसाहत वेगळी काढून शुद्ध केली. आकार, वाढ, गॅस ठीक.’ आणि त्याखाली, दोन आठवड्यांनंतर, लाल पेनाने : ‘चाळीस अंशांवर उत्पादन पूर्वीपेक्षा जास्त!!’

दोन उद्गारचिन्हं. तिला ते आनंदाचे दिवस आठवले. बाई म्हणाल्या होत्या, “टाळेबंदीत उपासतापास झाले, उकाडा सोसला, त्यातून तावून सुलाखून निघालाय गं हा.” हेच वाक्य, जरा शास्त्रीय कपडे घालून, शोधनिबंधात गेलं होतं.

टाळेबंदीत गाळ्यावर एकच माणूस होता.

जयवंत मयेकर कंपनीत टाकी सांभाळायचा. वेंगुर्ल्याचा, पन्नाशीचा, शांत गृहस्थ. वडील लालबागच्या गिरणीत होते, हा एका औषध कंपनीत हेल्पर म्हणून लागला आणि बघून बघून सगळं शिकला. २०२० च्या मार्चमध्ये त्याची बायको-मुलगी गावाला अडकली, आणि जोगेश्वरीच्या खोलीत एकट्याने बसण्यापेक्षा तो गाळ्यावरच राहायला आला. तीन महिने त्याने जिवाणू जगवले. सुलक्षणा व्हिडिओ कॉलवर सांगायची, तो करायचा. दर दोन दिवसांनी ताजं खाद्य, दर दोन दिवसांनी फोटो. गाळा पुन्हा सुरू झाला तेव्हा बाईंनी त्याला शाल दिली होती.

ती खाली गेली. जयवंत टाकीच्या झडपेला तेल देत होता.

“जयवंतराव, लॉकडाऊनमध्ये फ्लास्कला काही झालं होतं का?”

तिने अगदी सहज विचारलं होतं. खरं तर तिची अपेक्षा होती की तो म्हणेल, नाही बुवा, आणि मग आपण दुसरीकडे शोधू. पण जयवंतच्या हातातली तेलाची डबी कलंडली. त्याने ती उचलली नाही. तो टाकीच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“मॅडम, तुम्हाला कुणी सांगितलं?”

सुलक्षणाने डबी उचलून बाजूला ठेवली.

“काय सांगितलं? काय झालं होतं?”

“मेले होते ते. सगळे.”

मग हळूहळू, अडखळत त्याने सांगितलं. मे महिन्यात दोन दिवस लाईट गेली होती. वसाहतीतला ट्रान्सफॉर्मर उडाला आणि दुरुस्तीला माणूस मिळेना. फ्रीजर वितळला, खाली पाण्याचं तळं झालं. लाईट आली ती अशी आली की उबवणपेटीचं बटण बिघडलं आणि पेटी रात्रभर तापत राहिली. सकाळी फ्लास्कला हात लावला तर चटका बसला. फेस बसला होता. त्याने ताजं खाद्य घातलं, वाट पाहिली. मग फ्रीजरमधल्या कुप्या काढून सोडल्या. चार दिवस झाले, एक बुडबुडा येईना.

“तेव्हाच मला सांगायचं होतं ना!”

“कसं सांगणार? आगाशे मॅडम जाताना दारात काय बोललेल्या, आठवतं? ‘जयवंत, हे माझं आयुष्य आहे, तुझ्या हातात देऊन जातेय.’ आणि तुमचे वडील तेव्हा ऑक्सिजनवर होते. तुम्ही फोनवर रडत होता. माका तोंडच उघडाक झाला नाय.”

ते खरं होतं. 

“माझो आजो माडाची माडी काढायचो,” तो पुढे म्हणाला. मान खालीच. “लहानपणी बघितलेलं. मडक्यात रस पडला की तासाभरात फसफसायला लागतो, कुणी काही घालत नाय. मला वाटलं, हेपण साखर खातात, तेपण साखर खातात. माझा मेव्हणा सर्वेश तेव्हा गोराईहून भाजीचा टेम्पो आणायचा मरोळच्या बाजारात. त्याला सांगितलं, थोडी माडी आण. त्याला वाटलं प्यायला हवी. बाटलीच्या तळाचा गाळ मी फ्लास्कमध्ये घातला. दुसऱ्या सकाळी नुसता फेस! तुम्हाला फोटो पाठवला. तुम्ही लिहिलं, ‘झकास, जयवंतराव.’”

सुलक्षणा त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. 

“मला वाटलेलं, तुम्ही आलात की ओळखाल,” जयवंत म्हणाला. “एवढ्या शिकलेल्या तुम्ही. पहिल्या दिवशी तुम्ही त्या दुर्बिणीत बघत होता तेव्हा मी इथेच उभा होतो, आता ओरडा बसणार म्हणून. तुम्ही म्हणालात, थोडी भेसळ झालीय, पण आपला जिवाणू जिवंत आहे. मग मी मनात म्हटलं, असेल बाबा. त्यातला एखादा जगला असेल. मग शाल दिली तुम्ही लोकांनी.”

यावर तिला रागवायचं होतं. राग येतच नव्हता. वसाहत तिने निवडली होती, तिने शुद्ध केली होती, तिने ‘आकार ठीक’ लिहिलं होतं. ओळख पटवायची एक साधी तपासणी तेव्हा करता आली असती. प्रयोगशाळा बंद होत्या म्हणून पुढे ढकलली, आणि मग निकाल इतके सुंदर येऊ लागले की तपासावंसं वाटलंच नाही.

दुपारी धवल आला. धवल शहा, घाटकोपरचा, कंपनीचा व्यवहार बघणारा भागीदार. बोलणं भराभर, मराठी गुजरातीपेक्षा जास्त. त्याने सगळं ऐकलं आणि खुर्ची ओढून बसला.

“वाट लागली यार. पूर्ण वाट लागली.”  मग त्याचे डोळे बारीक झाले. “थांब. रिपोर्ट आपल्याकडेच आलाय ना? त्यांच्याकडे गेला नाही?”

“नाही.”

“मग आपण असं सांगू की आपला वाण आधीपासूनच माडीतून घेतलेला होता. मूळच तिथलं. दोन हजार अठराची एक जुनी वही काढू, तिच्यात तशी नोंद टाकू. जिवाणू तर तोच आहे ना, काम तर करतोय ना! खोटं काय त्यात?”

सुलक्षणा ‘नाही’ म्हणायला गेली आणि थांबली. एक क्षणभर, पुरता एक क्षण, तिने ती वही डोळ्यांसमोर आणली. कुठलं पान, कुठल्या शाईने. आपल्याला हे इतकं सहज सुचू शकतं या गोष्टीने तिला अहवालापेक्षाही मोठा धक्का बसला.

“आधी बाईंना सांगू दे,” ती म्हणाली.

शनिवारी सकाळी ती पार्ल्याला बाईंच्या घरी गेली. मधुवंतीबाई सदुसष्ट वर्षांच्या होत्या, एकट्या राहायच्या. त्यांनी चहा टाकला, अहवाल हातात घेतला, चष्मा पुसला आणि उभ्याउभ्याच वाचायला लागल्या. चहा उतू गेला. सुलक्षणाने धावत जाऊन गॅस बंद केला. परत आली तरी बाई त्याच पानावर होत्या.

“एकोणीसच्या कुप्या?” त्यांनी विचारलं.

“मेल्यात बाई. सहाच्या सहा.”

“एकही...?”

“एकही नाही.”

मग सुलक्षणाने जयवंतचं सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा हलला नाही. फक्त ‘माडी’ शब्दाला त्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं, जणू कुणी त्यांना भर रस्त्यात ओळख नसताना एकेरीत हाक मारली होती.

“म्हणजे गेली पाच वर्षं,” त्या सावकाश म्हणाल्या, “मी परिषदांमधून जे सांगत फिरले... अनुकूलन, ताण, निवड... ते सगळं एका माडीच्या बाटलीबद्दल होतं?”

सुलक्षणाने मान हलवली.

“आणि माझा खरा, तो त्या मे महिन्यातच मेला. मला कळलंही नाही. मी त्याचं कौतुक करत होते, आणि तो नव्हताच.” त्या खाली बसल्या. “तू जा आता. मला फोन करू नकोस.”

नऊ दिवस त्या आल्या नाहीत. धवल रोज विचारायचा, सुलक्षणा रोज सांगायची की माहीत नाही. जयवंतने राजीनामा लिहून आणला होता. सुलक्षणाने तो घेतला नाही, मग त्याने बाईंच्या टेबलावर ठेवला आणि पुन्हा टाकीपाशी जाऊन कामाला लागला. दहाव्या दिवशी मधुवंतीबाई जिना चढून वर आल्या. केस नीट विंचरलेले, खांद्याला नेहमीची कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी तीन पत्रं काढली. एक शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाला, एक पेटंट कार्यालयाला, एक इंधन कंपनीला. तिन्हींत तेच. आम्ही जे आमचं म्हणून सांगितलं ते आमचं नाही. मूळ वाण नष्ट झाला आहे. सध्याचा जिवाणू माडीतून अपघाताने आलेला आहे. निबंध आणि अर्ज मागे घेत आहोत.

धवल उभा राहिला. “मॅडम, प्लीज. एकदा विचार करा. कंपनी बसेल.”

“नऊ दिवस तेच केलं. धवल, तुझी ती जुन्या वहीची युक्ती मलाही सुचली होती. दुसऱ्याच दिवशी. वहीही सापडली.” त्या सुलक्षणाकडे वळल्या. “सही कर. तुझंही नाव आहे निबंधावर.”

सुलक्षणाने सही केली. 

मग बाई खाली गेल्या. सुलक्षणा कठड्याला धरून वरून बघत होती. जयवंत हात जोडून उभा राहिला.

“मॅडम, चुकलंय मी.”

“तू मला पाच वर्षं खोट्यात ठेवलंस, जयवंत.”

“होय मॅडम.” आणि मग, मान न उचलता, पण स्पष्ट : “पण तुम्ही मला एकदापण विचारलं नाय. शाल दिली, फोटो काढला. काय केलंस, कसं केलंस, कुणीच विचारलं नाय.”

  मधुवंतीबाई तशाच वळल्या आणि रिक्षा करून घरी गेल्या. जयवंतचा राजीनामा त्यांनी मंजूर केला नाही आणि परतही दिला नाही. तो ड्रॉवरमध्ये पडून राहिला. पुढचे दोन महिने त्या त्याच्याशी कामापुरतंसुद्धा थेट बोलल्या नाहीत. “टाकीचं तापमान विचार गं” असं सुलक्षणाला सांगायच्या, तो दोन हातांच्या अंतरावर उभा असला तरी.

इंधन कंपनीने दोन ओळींचं उत्तर पाठवून बोलणी थांबवली. निबंधावर ‘मागे घेतला आहे’ असा शिक्का पडला. कुणीही इंटरनेटवर नाव टाकलं की तोच आधी दिसायचा. एका जुन्या सहकाऱ्याने बाईंना फोन करून सांत्वन केलं आणि दुसऱ्याने सगळीकडे हसून सांगितलं. सुलक्षणाच्या आईने भिंतीवरची चौकट एके दिवशी काही न बोलता उतरवली. धवलने गाळ्याचा अर्धा भाग पंख्यांच्या कारखान्याला गोदाम म्हणून दिला.

पण टाकी चालू होती. जिवाणूला या कशाचा पत्ता नव्हता. तो चाळीस अंशांत ज्वारीचा रस खात होता आणि बुडबुडे सोडत होता. शेवटी मधुवंतीबाईच म्हणाल्या की नव्याने, खऱ्या नावाने अर्ज करायचा तर हा आला कुठून ते दाखवावं लागेल. जैवविविधता मंडळाची परवानगी लागेल, आणि ज्याच्या माडातून आला त्याला हिस्सा द्यावा लागेल. “चला, बघून येऊ,” त्या म्हणाल्या. आणि मग, पहिल्यांदाच सरळ जयवंतकडे बघून : “तू पुढे बस. आणि मेव्हण्याला बोलाव, रस्ता त्यालाच माहितीये.”

बोरिवलीहून खाडी ओलांडून चौघं गोराईला पोचले, सर्वेश मेव्हणा वाट दाखवत. माडी काढणारा म्हातारा, ज्याला सगळं गाव भाऊ म्हणायचं, कमरेला कोयता लावून झाडाखाली उभा होता.

“पाच वर्षांपूर्वीची बाटली? कुठल्या झाडाची ते कसं सांगू, ताई?” तो हसला. “चाळीस माड आहेत. मडकी तीच फिरतात, ह्या झाडाची त्या झाडाला.”

एवढं बोलून तो सरसर वर चढला आणि एक मडकं घेऊन उतरला. तोंडापर्यंत पांढरा फेस होता, भोवती गांधीलमाश्या. दुपारचे दोन वाजले होते. मडक्याला हात लावून मधुवंतीबाईंनी पटकन मागे घेतला, इतकं ते उन्हाने तापलं होतं. त्यांनी पिशवीतून तापमापी काढून रसात धरली. सुलक्षणाने त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

एकेचाळीस.

बाई त्या आकड्याकडे बघतच राहिल्या. 

“अकरा वर्षं,” त्या म्हणाल्या. “अर्धा-अर्धा अंश. आणि हा इथे, उन्हात, लटकत होता.”

 जयवंतने पुढे होऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली, आणि त्यांनी ती घेऊ दिली.

भाऊने मडकं कलतं केलं. “हा वरचा फेस हवाय होय? हा तर आम्ही रोज ओतून टाकतो.”

“आज नका टाकू,” मधुवंतीबाई घाईघाईने म्हणाल्या आणि सुलक्षणाकडे वळून पाहिलं. “बाटल्या काढ. प्रत्येक झाडाची वेगळी. आणि या वेळी पहिल्याच दिवशी तपासणीला पाठवायच्या, निकाल कितीही चांगले येऊ देत.”

सुलक्षणाने बाटल्यांवर आकडे टाकायला सुरुवात केली. चाळीस झाडं होती. संध्याकाळपर्यंत काम पुरलं असतं.